कागदाचे प्रयोग फसतात कुठे? विज्ञान दिनाआधी या चुका टाळा

२८ फेब्रुवारी जवळ आला की सांगलीत घरोघरी प्रयोगांची तयारी सुरू होते. कागदाचे प्रयोग स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून मुलं तेच निवडतात. घरी जमलेला प्रयोग परीक्षकांसमोर मात्र फसतो. बहुतेक वेळा त्याचं मूळ एकच असतं: 'कोणताही कागद चालेल' हा समज. वहीच्या कागदाला कारखान्यातच खळ दिलेली असते, नाहीतर शाई फुटली असती. त्यामुळे तो पाणी पटकन पीत नाही. टिपकागद आणि प्रयोगशाळेतला गाळणकागद लगेच पितात. कुठला कागद घ्यायचा हे ठरलं की निम्मा प्रयोग झाला.

हळदीचा कागद

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे हा प्रयोग इथल्या मुलांनी करायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पण सगळ्यात जास्त चुका याच प्रयोगात होतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे हळद पाण्यात कालवणं. हळदीला रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाणी गढूळ होतं, कागदावर भुकटी बसते आणि बोट लावलं की निघून येते. त्याऐवजी मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, थोड्याशा स्पिरिटमध्ये चमचाभर हळद ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. वरच्या निवळ पिवळ्या द्रावणात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून लांब बसा आणि मोठं माणूस सोबत असू द्या.

पट्ट्या उन्हात वाळत घालू नका. उन्हाने हळदीचा रंग उडतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तो यामुळेच. पट्ट्या सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता खरी फसगत. मुलं पट्टीवर आधी लिंबू पिळतात, काहीच घडत नाही आणि मुलं हिरमुसतात. पण आम्लात हळद पिवळीच राहते, तसंच व्हायला हवं. क्रम उलटा करा. पट्टीवर आधी चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाका. थेंब पसरेल तसतसा पिवळ्यावर लालसर तपकिरी डाग उमटतो. मग त्याच डागावर लिंबाचा थेंब सोडा, पिवळा रंग परत येतो. खायच्या सोड्याने रंग जेमतेम बदलतो, कारण तो फारच सौम्य अल्कली आहे. धुण्याचा सोडा वापरला तर फरक लांबूनही दिसतो. निवळी किंवा धुण्याचा सोडा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

परीक्षकांनी 'याचा उपयोग काय?' विचारलं तर कुंकवाचं उदाहरण द्या. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारख्या अल्कलीची जोड देऊनच लाल करतात.

स्केचपेनचे रंग वेगळे करताना

टिपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका देऊन तिचं खालचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं की पाणी वर चढतं आणि ठिपक्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग निघतात. ठिपक्याची जागा दाखवणारी खुणेची रेघ पेन्सिलीनेच ओढा. पेनाची शाईही वर चढू शकते. ठिपका बारीक हवा आणि तो पाण्याच्या पातळीच्या वरच राहायला हवा. बुडाला तर सगळा रंग पेल्यातच उतरतो. परमनंट मार्कर पाण्याला दाद देत नाही, तो घेऊ नका.

उलटा पेला

पाण्याच्या पेल्यावर कागद ठेवून पेला उलटा करायचा, तर वहीचं पान नको. ते भिजून ढिलं पडतं. जुन्या लग्नपत्रिकेचा गुळगुळीत, जाड तुकडा उत्तम. पेल्याची कड कुठे उडालेली नसावी. प्लॅस्टिकचा मऊ पेला घेऊ नका. हातात दाबला गेला की हवा आत शिरते आणि पाणी अंगावर येतं. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाएवढा असतो. म्हणजे ७ सेंमी तोंडाच्या पेल्यावर खालून ३५ किलोंहून जास्त जोर लागतो, आणि आत पाणी असतं पाव किलो. पेला काठोकाठ भरलेला नसला तरी प्रयोग जमतो, फक्त कडेने हवा आत जाता कामा नये.

पट्टी आणि फुंकर

ओठांखाली धरलेल्या कागदाच्या पट्टीच्या वरून फुंकर मारली की पट्टी उचलली जाते. हा प्रयोग फसत नाही, फसतं ते स्पष्टीकरण. 'वरची हवा वेगाने जाते, म्हणून तिचा दाब कमी' हे उत्तर जागोजागी दिलं जातं, आणि ते अपुरं आहे. पडताळा सोपा आहे. तीच पट्टी सरळ खाली लोंबती धरा आणि तिच्या एका बाजूने, पट्टीला समांतर अशी, वरून खाली फुंकर मारा. हवा वेगानेच जाते, तरी पट्टी तिच्याकडे ओढली जात नाही. पहिल्या प्रयोगात पट्टीला बाक असतो. झोत त्या बाकाला धरून खाली वळतो, हे वळण घेताना पट्टीलगतचा दाब उतरतो आणि खालची हवा पट्टीला वर ढकलते. दोन्ही प्रयोगांसाठी दोन पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवा आणि परीक्षकांनाच फुंकर मारायला सांगा.