गोव्यातल्या घरावर सोलर घालताना: आधी छप्पर, मग कंपनी

सोलरवाल्याला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती किलोवॉट घालूया?’ दुसरा प्रश्न कंपनीचा. गोव्यात या दोन्ही गोष्टी मागाहून ठरवल्या तरी चालतात. छपरावर ऊन किती वेळ राहते, छप्पर कसले आहे आणि विजेचे बिल कोणाच्या नावावर येते, एवढे आधी बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

बिले काढून बसा

मागच्या बारा महिन्यांची बिले काढा आणि रुपये सोडून फक्त युनिटांची बेरीज करा. मे महिन्यातला एसी आणि चवथीला भरलेले घर, दोन्ही त्यात आले पाहिजे. एकाच महिन्याचे बिल धरून हिशेब केला की तो चुकतोच.

आपल्याकडे 1 किलोवॉट सोलर वर्षाला साधारण 1,300 ते 1,400 युनिटे देते. फेब्रुवारी ते एप्रिल जोरात, जुलैत जवळजवळ निम्म्यावर. वर्षाला 3,000 युनिटे लागणाऱ्या घराला म्हणजे सव्वादोन किलोवॉटच्या आसपास पुरते. ‘दादा, पाचच घाला, पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्याल तेव्हा उपयोगी पडेल,’ असे कोणी म्हटले तर गाडी खरेच येणार आहे का ते घरात विचारून घ्या.

वीज खात्याचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिली शंभर युनिटे सर्वांत स्वस्त, चारशेच्या पुढची सर्वांत महाग. सोलर आधी ही वरची महाग युनिटे कापते. म्हणून ज्या घराला महिन्याला शंभरेक युनिटेच लागतात, तिथे घाई करू नये असे मला वाटते. पैसे वसूल व्हायला फार वर्षे जातील.

सावली डिसेंबरात मोजा

माड हा आपल्याकडचा सोलरचा मोठा शत्रू. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज खाली येते. सोलरवाला एप्रिलच्या दुपारी गच्चीवर येतो, सूर्य डोक्यावर असतो, सावली कुठेच नसते आणि सगळे छान दिसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला सरकतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे 51 अंशांवरच असतो. गच्चीपेक्षा 10 मीटर उंच असलेला दक्षिणेकडचा माड तेव्हा बारा वाजता 8 मीटर लांब सावली टाकतो, आणि सकाळी नऊला तर विचारूच नका. शक्य असेल तर नाताळाच्या आसपास सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा.

माड शेजाऱ्याच्या भाटात, म्हणजे बागेत, असेल तर तो तोडायचा विचार सोडा. पॅनेल दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे छोटे यंत्र, लावा. महाग पडतो, पण सावलीतल्या पॅनेलमुळे बाकीची अडत नाहीत. छपरावर झुकलेला माड असेल तर पाडेलीला बोलावून नारळ वेळच्या वेळी उतरवून घ्या. पॅनेलची काच मजबूत असते, वरून पडणाऱ्या नारळापुढे नाही.

छप्पर कसले आहे

स्लॅब असेल तर काम सोपे. 1 किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा धरा. तोंड दक्षिणेला, उतार 10 ते 15 अंश. स्लॅबला भोके पाडून बोल्ट मारण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा बसवणे बरे, नाहीतर पहिल्याच जूनमध्ये खालच्या खोलीत बादली ठेवावी लागते.

गळतीसाठी स्लॅबवर पत्रे घातले असतील तर पॅनेलचा सांगाडा पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांना पकडला पाहिजे, नुसत्या पत्र्याला नाही. सिमेंटच्या पत्र्यांवर पॅनेल नकोच.

कौलारू घराचे मात्र जपून. साडेपाचशे वॉटच्या एका पॅनेलचे वजन पंचवीस किलोच्या वर जाते, आणि वासे आजोबांच्या काळचे असतात. आधी सुताराला माळ्यावर चढवून वाळवी लागली आहे का ते बघून घ्या. कौलांवरून माणसे फिरली की कौले फुटतात आणि तशी मंगळुरी कौले आता सहज मिळत नाहीत. मागच्या स्वयंपाकघरावर किंवा पोर्चवर स्लॅब असेल तर मी तिथेच घालीन, युनिटे थोडी कमी मिळाली तरी.

खारा वारा आणि वादळ

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सांगाड्याचे लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, हवे. नुसता चंदेरी रंग फासलेले लोखंड दोन पावसाळ्यांत गंजते. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, किनाऱ्यालगत 316 दर्जाचे. पॅनेलला खाऱ्या हवेची चाचणी, म्हणजे आयईसी 61701, झाली आहे का ते कागदावर दाखवायला सांगा. सोलरचा इन्व्हर्टर भिंतीवर आडोशाला, पावसाचे शिंतोडे पोचणार नाहीत असा.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे. सांगाडा ताशी 150 किलोमीटर वाऱ्याला टिकेल, असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक आणि वेगळे अर्थिंगही त्यातच आले पाहिजे. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल लागतो. काम झाल्यावर मीटर लावून अर्थिंगचा रोध (रेझिस्टन्स) मोजून दाखवायला सांगा.

लाइट गेली की सोलरही बंद

हे पुष्कळांना पॅनेल बसल्यावर कळते. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज खात्याच्या लाइनला जोडलेली, यंत्रणा लाइनवरची वीज गेली की स्वतःहून बंद होते. नाहीतर आपली वीज उलटी तारांत जाऊन खांबावरच्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. लाइट गेल्यावरही वीज हवी तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, आणि खर्च बराच वाढतो. घरात पंखे-दिव्यांपुरता जुना इन्व्हर्टर चालू असेल तर तोच ठेवा. बॅटरीचे पुढे बघता येते.

कागद

घरावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आहे. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे. म्हणजे जास्तीत जास्त 78,000, पाच किलोवॉट घातले तरी तेवढेच. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी, तीच धरली जाते. पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे ‘डीसीआर’ हवेत. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच अक्षरे गायब असतात.

आपल्याकडे खरी अडचण नावाची. बिल अजून आजोबांच्या नावावर आणि घर चार भावांचे. आधी वीज खात्यात बिल नावावर करून घ्या, छप्पर सामाईक असेल तर भावंडांचे ना हरकत पत्र घ्या, मगच या योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करा. विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच निवडा. राज्याच्या योजनांची चौकशी गेडाच्या (गोवा ऊर्जा विकास संस्थेच्या) कार्यालयात करता येते.

तीन कोटेशने घ्या आणि एकूण रक्कम नव्हे, किलोवॉटमागचा दर ताडून बघा. शेवटचा हप्ता नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, बसेपर्यंत देऊ नका. नेट मीटर लागल्यावरचे पहिले बिल आले की घेतलेली आणि दिलेली युनिटे वेगवेगळी छापली आहेत का ते बघा, आणि नसतील तर त्याच आठवड्यात वीज खात्यात जा.