अपडेटचं बटण दाबायच्या आधी

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. गणपतीच्या अलीकडचा आठवडा किंवा जीएसटीच्या २० तारखेच्या आसपासचे दिवस असतील तर अपडेटचं नाव काढू नका. परळमधल्या आमच्या चाळीच्या मंडळात वर्गणीच्या पावत्या जुन्या डेस्कटॉपवरून, लिनक्स मिंटवर (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम) निघतात. एका वर्षी मूर्ती आणायच्या आदल्या रात्री मी हौसेने अपडेट केलं आणि सकाळी स्क्रीन काळीठिक्कर. खजिनदारकाकांनी एक शब्द न बोलता जुनं पावतीपुस्तक पुढे सरकवलं. नुसतं सुरक्षेचं अपडेट असेल तर फार टाळू नये. पण आख्खी आवृत्ती बदलायची घाई नको. मिंट २१ला २०२७पर्यंत अपडेटं मिळणारच आहेत.

मग वही. फोटो नको, फाइल तर नकोच, कारण ती उघडायची तेव्हा मशीनच बंद असतं. चालू कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा आकडा (टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत: युनेम, जागा, डॅश आर), ग्राफिक्स ड्रायव्हरची (स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्ती आणि प्रिंटरचं नाव लिहून ठेवा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर इथे जरा थांबा. त्याचा ड्रायव्हर बहुधा प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधला जातो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडवणारं कुलूप) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळी स्क्रीन येऊन तोच विचारते. ती काही सेकंदच थांबते. चुकली तर ड्रायव्हर चढत नाही. म्हणून पासवर्डही वहीत.

पेनड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर घरातला घ्या, पण त्यावर मिंट टाकून एकदा त्यावरून मशीन सुरू करून बघा. न तपासलेला पेनड्राइव्ह असून नसल्यासारखा. टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आहे तशी प्रत, शक्यतो वेगळ्या डिस्कवर घ्या. तो सिस्टिम सांभाळतो, होम फोल्डर, म्हणजे आपल्या फाइली, मुळात सोडून देतो, तेव्हा वर्गणीची शीट वेगळी कॉपी करा. ‘बूट’चं, म्हणजे कर्नलं ठेवायचं, डिस्कवर वेगळं पार्टिशन असेल तर त्यात जागा आहे ना बघा, जुनी कर्नलं साठून ते भरलं की नवं अर्धवट बसतं. पावसाळ्यात यूपीएसशिवाय सुरुवात करू नका.

मध्येच वीज गेलीच तर टर्मिनलमध्ये हे टाइप करायचं, फोनवर पोरांना सांगतो तसंच लिहितो: सुडो, जागा, डीपीकेजी, जागा, दोन डॅश आणि त्यांना चिकटून कॉन्फिगर, जागा, एक डॅश ए. अर्धवट राहिलेली पॅकेजं बहुतेक वेळा मार्गी लागतात.

अपडेट संपलं की तिथेच बसून रीस्टार्ट करा, सकाळवर ढकलू नका. काळी स्क्रीन आली तर आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. लॉगिन मागितलं तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्र गेलंय. मग पुन्हा सुरू करताना एस्केप एकदाच दाबा (बायोसवाल्या जुन्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या मेनूच्या, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि वहीतल्या आकड्याचं जुनं कर्नल निवडा. माझं त्या सकाळी एवढ्यानेच भागलं असतं, पण वही नव्हती आणि जुनं कर्नल मी आदल्याच रात्री साफसफाईत उडवलं होतं. म्हणून ऑटोरिमूव्ह, म्हणजे नको असलेली पॅकेजं आपोआप काढणारी साफसफाई, आठवडाभर नको.

शेवटी वायफाय, आवाज आणि मराठी कीबोर्ड तपासा; कीबोर्डकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग १०१ रुपयांची एक खोटी पावती छापा, ‘श्री’ धड उमटलं का बघा, आणि ती लगेच फाडा. काकांच्या हिशेबात गेली तर एक रुपया जुळेपर्यंत ते कुणाला घरी सोडत नाहीत.