टोकियोत कुठे उतरावं: टॉवरमधलं हॉटेल की नव्या धाटणीचं र्योकान?

खोली निवडण्याआधी संध्याकाळ ठरवा. रात्री दहापर्यंत शहरात भटकायचं असेल तर र्योकानवर, म्हणजे जपानी सरायीवर, पैसे घालवू नका. तिथलं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. दुपारी तीनच्या सुमाराला चेक-इन, मग आंघोळ, सहा ते साडेसातच्या दरम्यान कैसेकी पद्धतीचं अनेक पदार्थांचं जेवण, पुन्हा आंघोळ आणि झोप. सकाळी नाश्ता झाला की दहा-अकराला खोली सोडायची. तुम्ही भाडं भरता ते या सगळ्याचं. सातनंतर पोचलात तर अनेक ठिकाणी जेवण हुकतं, आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. टॉवरमधल्या हॉटेलला तुम्ही मध्यरात्री आलात तरी काही फरक पडत नाही.

दोन्हींची तुलना करायला ओतेमाची भाग सोयीचा आहे. तिथे आमान टोकियो हे हॉटेल (२०१४) ओतेमाची टॉवरच्या वरच्या सहा मजल्यांवर आहे आणि होशिनोया टोकियो हे र्योकान (२०१६) त्याच भागातल्या १७ मजली इमारतीत आहे. दोन्हीकडे ८४ खोल्या. तरी अनुभव अगदी वेगळा. आमानमध्ये लिफ्टने ३३व्या मजल्यावरच्या लॉबीत पोचायचं आणि उंचीवरून शहर बघायचं. होशिनोयात दारातच बूट काढून ठेवायचे. लिफ्टमध्येसुद्धा ततामी, म्हणजे गवताची जाड चटई, अंथरलेली आहे, दर मजल्यावर फक्त सहा खोल्या आणि त्यांच्यासाठी चहापाण्याची एक सामायिक बैठक आहे, सर्वांत वरच्या मजल्यावर सुमारे १,५०० मीटर खोलीवरून आणलेल्या गरम पाण्याचं स्नानगृह आहे. इमारतीला बाहेरून नक्षीदार धातूची जाळी आहे, त्यामुळे देखाव्यासाठी हे ठिकाण घेणाऱ्याची निराशाच होईल.

देखावा हवाच असेल तर तो कोणत्या दिशेचा, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. फुजी पर्वत टोकियोपासून साधारण १०० किलोमीटरवर, पश्चिमेच्या बाजूला आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत स्वच्छ सकाळी तो दिसण्याची शक्यता चांगली असते. उन्हाळ्यात हवा धूसर असते, तेव्हा जुलैत ‘फुजी दिसणाऱ्या’ खोलीचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. उंचीची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. भूकंपात उंच इमारती सावकाश पण बराच वेळ डोलतात. लिफ्ट आपोआप थांबतात आणि मोठ्या धक्क्यानंतर तपासणी होईपर्यंत सुरू होत नाहीत. जिने चढणं-उतरणं ज्यांना जमत नाही त्यांनी खालचा मजला मागावा.

आता हिशोब. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण हॉटेलचा दर खोलीमागे असतो आणि र्योकानचा बहुधा माणशी, दोन जेवणांसह. समजा, हॉटेलची खोली ९०,००० येन आणि र्योकान माणशी ५०,००० येन. दोघांसाठी हॉटेल स्वस्त वाटतं. पण हॉटेलच्या दरावर १५ टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १० टक्के उपभोग कर वेगळा असेल, तर ९०,००० चे १,१३,८५० येन होतात, आणि जेवण-नाश्ता अजून बाकीच. र्योकानचे १,००,००० येन बहुतेक वेळा करासकट असतात, वर ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नान, असेल तर माणशी साधारण १५० येन स्नानकर. शहरातली नवी र्योकानं मात्र कधी कधी नुसत्या खोलीचा दर लावतात, होशिनोया टोकियो त्यांपैकीच. म्हणून दराखाली जेवणाचा उल्लेख आहे का ते आधी पाहा. क्योतोलाही जाणार असाल तर तिथला मुक्काम कर १ मार्च २०२६ पासून बराच वाढला आहे. माणशी एका रात्रीचं भाडं १,००,००० येन किंवा त्याहून जास्त असेल तर १०,००० येन.

शाकाहारी मंडळींनी र्योकान घेताना सर्वांत जास्त जपायला हवं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. दाशी हा रस्सा बहुधा कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवलेल्या माशाचा असतो, आणि तो मिसो सूपमध्ये, उकडलेल्या भाज्यांत, तोफूवरच्या सॉसमध्येही असतो. बुकिंग करतानाच लेखी विचारा: माशाची दाशी टाळून कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके (अळंबी) यांची वापराल का? नाही म्हणाले तर जेवण वगळून खोली घ्या. आयत्या वेळी सांगितलंत तर स्वयंपाकघर काही करू शकत नाही, कारण जेवणाची तयारी आधीच झालेली असते.

गुडघे दुखत असतील तर ततामीवर अंथरलेल्या गादीऐवजी (फुतोन) कमी उंचीची खाट आहे का ते विचारा. नव्या र्योकानांत ती बहुधा असते. सामायिक स्नानगृहात कपड्यांशिवाय जायचं असतं, आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं. संकोच वाटत असेल किंवा अंगावर टॅटू असेल तर काशिकिरी, म्हणजे काही वेळापुरतं राखून घेता येणारं स्नानगृह आहे का पाहा. ‘ओन्सेन’ या पाटीवरून फार अंदाज बांधू नका. जपानच्या १९४८च्या कायद्याप्रमाणे उगमाशी २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान असलं, किंवा ठरावीक खनिजं पुरेशी असली, तरी पाणी ओन्सेन ठरतं. काही ठिकाणी ते दुरून आणलेलं असतं. टोकियोच्या शिंजुकू भागातलं युएन हे र्योकान ते हाकोने या गावाहून आणतं.

दोन्ही हवं असेल तर शहरातल्या दिवसांसाठी हॉटेल घ्या आणि एकच रात्र र्योकानची ठेवा, शक्यतो ज्या दिवशी बाकी काही कार्यक्रम नाही अशी. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्यूबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरियरने, पुढच्या मुक्कामाला पाठवा. टोकियो-क्योतो अंतराला बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात. ततामीवर चाकाची बॅग फिरवायची नसते, त्यामुळे र्योकानात एका रात्रीपुरती पिशवी न्यावी.