अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषण) शिकवताना या चुका टाळा

‘कसा, कशी, कसं विचारायचं. जे उत्तर येईल ते अ‍ॅडजेक्टिव्ह.’ ही युक्ती ज्याने काढली, त्याला एकदा माझ्याकडचा वह्यांचा गठ्ठा तपासायला द्यायचाय.

सुरुवातीला मीही हेच शिकवायचे. एकदा गृहपाठात ‘द टॉल बॉय रॅन क्विकली’ दिलं. जवळजवळ प्रत्येक वहीत ‘टॉल’खाली रेघ आणि ‘क्विकली’खालीही रेघ. मी फुल्या मारत सुटले. तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन उभी. ‘बाई, मुलगा कसा? उंच. मुलगा कसा पळाला? भरभर. तुम्हीच सांगितलंत ना?’ काय बोलणार! आपला ‘कसा’ नामालाही चालतो आणि क्रियापदालाही. फुल्या खरं तर माझ्या वहीत पडायला हव्या होत्या.

तेव्हापासून मी बाण काढायला लावते. शब्द ज्याच्याबद्दल सांगतोय, त्याच्यापर्यंत पेन्सिलीने बाण न्यायचा. ‘टॉल’चा बाण ‘बॉय’वर, म्हणजे नामावर गेला, पास. ‘क्विकली’चा ‘रॅन’वर गेला, बाद. वह्या बाणांनी भरतात, ‘एवढा वेळ कशाला?’ म्हणून पालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरी युक्ती याहून आळशी: शेवटी ‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण, म्हणजे अ‍ॅडव्हर्ब. मग ‘अ फ्रेंडली डॉग’चं काय करायचं? लव्हली, लोनली, सिली, अग्ली ही सगळी अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत.

याद्या पाठ करून घेणाऱ्यांशी तर मी वाद घालणंच सोडलंय. ‘अ फास्ट ट्रेन’मधलं ‘फास्ट’ अ‍ॅडजेक्टिव्ह, ‘ही रन्स फास्ट’मधलं अ‍ॅडव्हर्ब. ‘रेड इज माय फेव्हरिट कलर’मध्ये ‘रेड’ चक्क नाम. शब्दाची जात वाक्यात ठरते, यादीत नाही.

सगळी उदाहरणं ‘बिग हाउस’, ‘स्मॉल कॅट’ अशीच देऊ नका. ‘द सूप इज हॉट’ आलं की मुलं ‘हॉट’च्या पुढे नाम शोधत बसतात. इथे बाण मागे जातो, हे पहिल्याच आठवड्यात दाखवा.

ओळखता येण्याआधी ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’चा तक्ता काढू नका.

आणि ‘माय’, ‘धिस’ यांना काही पुस्तकं अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणतात, काही डिटरमिनर (नाम कोणतं, कोणाचं ते दाखवणारा शब्द). मुलांच्या पुस्तकात जे असेल ते धरा आणि पुढे चला.