छोट्या गेमचे मोफत अपडेट: काय मागावे, कसे मागावे, कुठे थांबावे

एखादा गेम मनापासून आवडला की त्यात आणखी काहीतरी यावे असे वाटू लागते आणि दोन-तीन अपडेट फुकट मिळाले की त्या वाटण्याला हळूहळू हक्काचा सूर चढतो. मोठ्या कंपनीच्या गेमवर या सुराचा फारसा परिणाम होत नाही. मात्र एकट्याने किंवा तीन-चार जणांनी मिळून केलेल्या, मोजक्याच लोकांना रुचणाऱ्या गेमच्या बाबतीत तो थेट काम करणाऱ्या माणसाच्या कानावर पडतो आणि पुढचे अपडेट त्याच माणसाने करायचे असते. याचा अर्थ खेळाडूने काही मागूच नये असा नाही. रास्त मागणी ठामपणेच करावी. त्यासाठी आपली मागणी नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखता आले पाहिजे.

मागणीचा प्रकार ओळखा

विकलेली वस्तू सांगितल्याप्रमाणे चालली पाहिजे, ही पहिल्या प्रकारची मागणी होय. गेम मध्येच बंद पडणे, सेव्ह फाइल खराब होणे, दुकानाच्या पानावर कंट्रोलर चालतो असे लिहूनही तो न चालणे, या गोष्टी दुरुस्त करून मिळणे हे देणेच आहे आणि ते मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेला आणि २०२२ पासून लागू झालेला डिजिटल वस्तूंविषयीचा निर्देशही हाच भेद करतो: वस्तू करारानुसार चालत राहावी यासाठी लागणारी अपडेट देणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे, पण त्यात नवी भर घालण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

दुसरा प्रकार लेखी आश्वासनाचा. येथे आश्वासन कोणाला, कुठे आणि कोणत्या शब्दांत दिले होते हे मूळ मजकूर काढून वाचावे. आठवणीवर विसंबू नये. हॉलो नाइट या गेमसाठी २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे केले गेले, तेव्हा ठरावीक रक्कम जमल्यास खेळता येईल असे दुसरे पात्र देऊ असे सांगितले होते आणि ती रक्कम जमलीही. पुढे ती भर वाढत गेली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सिल्कसाँग या स्वतंत्र गेमच्या रूपाने जाहीर झाली. प्रत्यक्ष गेम आला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्यांनी आरंभी पैसे दिले होते त्यांना तो मोफत मिळेल असे निर्मात्यांनी सांगितले होते. त्या मूळ पाठीराख्यांना विचारणा करण्याचा अधिकार नक्कीच होता. पण नंतर सवलतीत हॉलो नाइट विकत घेतलेल्या खेळाडूला पुरा झालेला गेम मिळालेला होता आणि त्याची प्रतीक्षा कितीही उत्कट असली तरी ती इच्छाच होती. नो मॅन्स स्कायच्या खेळाडूंचा २०१६ मधला राग वेगळा होता, कारण प्रदर्शनापूर्वी सांगितलेल्या अनेक गोष्टी गेममध्ये नव्हत्या. त्यानंतर वर्षानुवर्षे आलेली मोफत अपडेट, निदान सुरुवातीची तरी, त्या अपुऱ्या राहिलेल्या शब्दाची भरपाई होती. तिला उदारतेचे माप मानून इतर निर्मात्यांना त्याच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

नवे नकाशे, नवी पात्रे, अनेकांनी मिळून खेळण्याची सोय, आपल्या भाषेतले भाषांतर ही तिसऱ्या प्रकारची मागणी. ही निखळ विनंती आहे. ती जरूर करावी, मात्र नकार ऐकण्याची तयारी ठेवून.

चौथा प्रकार सर्वांत नाजूक आहे: अपडेटमुळे आपल्याला आवडणारी गोष्ट बदलली किंवा काढली गेली. डार्केस्ट डंजन हा गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच विक्रीला, असताना २०१५ मध्ये त्यात मेलेल्या शत्रूंची प्रेते मैदानात अडसर म्हणून राहू लागली आणि ताण अति झाल्यास पात्रांना हृदयविकाराचा झटका येऊ लागला. बरेच खेळाडू संतापले. अखेर निर्मात्यांनी या गोष्टी बंद करण्याचे पर्याय सेटिंगमध्ये दिले. गेम अपुरा असताना तो बदलणार हे गृहीतच असते, त्यामुळे ‘फसवणूक’ हा शब्द येथे बसत नाही. तरीही ‘बदल मागे घ्या’ म्हणण्याऐवजी ‘हा बदल ऐच्छिक करता येईल का, किंवा जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवता येईल का’ असे विचारणे पूर्णपणे रास्त आहे आणि निर्मात्यालाही ते मान्य करणे सोपे जाते.

पैसे कुठून येतात ते पाहा

या वादात स्टारड्यू व्हॅलीचे नाव हमखास निघते. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला हा गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. डिसेंबर २०२० मध्ये १.५ आणि मार्च २०२४ मध्ये १.६ अशी भरघोस अपडेट त्यांनी मोफत दिली. मग ‘एका माणसाला जमते, तर तुम्हाला का नाही’ असा प्रश्न इतर छोट्या निर्मात्यांना विचारला जातो. उत्तर विक्रीत आहे. २०२४ अखेरपर्यंत स्टारड्यू व्हॅलीच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या.

मोफत अपडेटचा खर्च जुने ग्राहक उचलत नाहीत, कारण त्यांचे पैसे देऊन झालेले असतात. अपडेटची बातमी ऐकून जे नव्याने गेम घेतात त्यांच्या पैशांवर ते काम उभे राहते. लोकप्रिय गेमला असे नवे ग्राहक मिळतच राहतात. पण रेल्वे सिग्नलची यंत्रणा चालवण्याचा किंवा मध्ययुगीन मठाचा जमाखर्च सांभाळण्याचा गेम घेतला, तर ज्यांना तो आवडण्याजोगा आहे अशी माणसेच थोडी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो पहिल्या वर्षातच घेतलेला असतो. त्यानंतर कितीही सुंदर अपडेट दिले तरी नवे पैसे फारसे येत नाहीत. स्टीम हे संगणकावरील गेमचे ऑनलाइन दुकान १ कोटी डॉलरपर्यंतच्या विक्रीवर ३० टक्के वाटा घेते, म्हणजे १० डॉलरच्या गेममागे ७ डॉलर उरतात आणि त्यातून कर, परतावे व सवलती वजा व्हायच्या असतात. तुम्ही तीन वर्षांपूर्वी दिलेले ते पैसे गेम तयार करण्यातच खर्ची पडलेले असतात.

म्हणूनच छोट्या निर्मात्याने पुढची भर विकत देऊ केली तर लगेच लोभाचा आरोप करू नये. फॅक्टोरिओने ऑक्टोबर २०२४ मध्ये २.० ही आवृत्ती सर्व जुन्या ग्राहकांना मोफत दिली आणि त्याच दिवशी स्पेस एज हा मोठा विस्तार विकायला ठेवला. मूळ गेमची सुधारणा एका बाजूला, नवे जग दुसऱ्या बाजूला. ड्वार्फ फोर्ट्रेस २००६ पासून मोफत होता आणि देणग्यांवर चालत होता. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची चित्रांसह सजवलेली विकत आवृत्ती आली, तरी साधी आवृत्ती मोफतच राहिली. तपासायचे ते एवढेच, की पूर्वी मोफत देऊ म्हणून सांगितलेली गोष्ट आता पैशांच्या भिंतीआड गेली आहे का. तसे झाले असेल तर तक्रार दुसऱ्या प्रकारात मोडते आणि ती नेटाने लावून धरावी.

‘एवढेसेच तर मागतो’ म्हणण्याआधी

समजा, गेममध्ये एक नवे धनुष्य हवे आहे. त्याचे चित्र काढावे लागते, ते ओढण्याची हालचाल प्रत्येक पात्रासाठी करावी लागते आणि बाण सुटल्याचा आवाजही लागतो. ते धनुष्य कोणत्या टप्प्यावर मिळावे आणि किती घाव घालावे हे ठरवताना आधीची सर्व शस्त्रे पुन्हा तपासावी लागतात, नाहीतर एका धनुष्यामुळे निम्मा गेम निरर्थक होतो. त्याचे नाव आणि वर्णन गेम उपलब्ध असलेल्या प्रत्येक भाषेत हवे. जुन्या सेव्ह फाइलमध्ये या शस्त्राला जागाच नसते, त्यामुळे ती फाइल उघडताना कोसळू नये याची व्यवस्था करावी लागते. गेम कन्सोलवरही असेल, तर अपडेट त्या त्या कंपनीच्या तपासणीतून जावे लागते. यामुळेच संगणकावर आलेले अपडेट कन्सोलवर उशिरा पोहोचते. स्टारड्यू व्हॅलीचे १.६ कन्सोल आणि मोबाइलवर यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला.

तक्रार आणि विनंती कशी लिहावी

‘शेवटच्या अपडेटनंतर गेमची वाट लागली, कोणी लक्ष देतंय का?’ या वाक्यात संताप आहे, पण दुरुस्तीला उपयोगी पडेल असे काहीच नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आवृत्ती १.४.२, विंडोज ११, मॉड (इतर खेळाडूंनी केलेले फेरबदल) नाहीत. दुसऱ्या प्रकरणातील पुलावर उभे असताना सेव्ह करून पुन्हा लोड केल्यास पात्र पुलातून खाली पडते. पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा तसेच झाले. पुलाच्या अलीकडे सेव्ह केल्यास अडचण येत नाही. सेव्ह फाइल सोबत जोडली आहे.’ एवढ्या मजकुरावर निर्माता लगेच कामाला लागू शकतो. मॉड वापरत असाल तर ते सर्व काढून एकदा खात्री करून घ्यावी, कारण अपडेटनंतर येणाऱ्या अडचणींचे मूळ अनेकदा जुन्या मॉडमध्ये असते आणि त्याचा दोष गेमच्या माथी मारणे योग्य नाही.

नवी गोष्ट मागताना उपाय सुचवण्याआधी अडचण सांगावी. ‘घोडा द्या’ या मागणीपेक्षा ‘तिसऱ्या प्रदेशात एका टोकाहून दुसरीकडे चालत जाण्यात फार वेळ जातो आणि वाटेत करण्यासारखे काही नसते’ हे वाक्य अधिक मोलाचे आहे. घोडा करणे निर्मात्याला परवडणार नाही, पण एखादी जवळची वाट काढणे किंवा चालण्याचा वेग वाढवणे अर्ध्या दिवसात जमून जाईल. विनंती एकदाच, नीट आणि योग्य जागी करावी. प्रत्येक घोषणेखाली तीच मागणी पुन्हा लिहिल्याने ती मोठी होत नाही.

निर्मात्याने ‘यावर विचार करू’ म्हटले तर ते विचार करणे एवढेच समजावे. लोक अशा वाक्याला पुढे जाऊन ‘तुम्ही कबूल केले होते’ असे रूप देतात आणि मग निर्माते बोलणेच बंद करतात, हे नुकसान खेळाडूंचेच आहे.

विकत घेताना आणि परीक्षण लिहिताना

अर्ली ॲक्सेसमधील गेम आज आहे त्या रूपात खेळावासा वाटत असेल तरच घ्यावा. स्टीम स्वतःही हाच सल्ला देते. निर्मात्याने दिलेली शेवटच्या अपडेटची तारीख पाहावी. दीर्घकाळ अपडेट नसलेल्या अशा गेमच्या पानावर स्टीम २०२५ पासून तशी सूचनाही दाखवते. मन बदलले तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना परतावा मागता येतो. मोठे अपडेट येण्यापूर्वी सेव्ह फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि गेमच्या प्रॉपर्टीजमधील ‘बीटाज’ या भागात जुनी आवृत्ती ठेवली आहे का ते पाहावे.

परीक्षणाचे वजन छोट्या गेमवर किती पडते हे एका हिशेबात दिसते. ३० परीक्षणांपैकी २२ अनुकूल असतील तर प्रमाण ७३ टक्के होते. ‘अपडेट नाही म्हणून’ आणखी दोघांनी प्रतिकूल मत दिले की ते ६९ टक्क्यांच्या खाली येते आणि ७० ची रेषा ओलांडल्यामुळे गेमच्या पानावर ‘मिक्स्ड’ (संमिश्र) असा शिक्का बसतो. आठवडाभरात एखाददुसरी प्रत विकल्या जाणाऱ्या गेमला तो शिक्का जड जातो. मोडलेल्या गेमला प्रतिकूल मत द्यायलाच हवे, त्यात भिडस्तपणा नको. पण ते देताना गेममध्ये काय आहे आणि काय चालत नाही हे आवृत्तीच्या क्रमांकासह लिहावे आणि जे कधी विकलेच नव्हते त्याच्या अभावासाठी गुण कापू नयेत. दुरुस्ती आल्यावर गेम पुन्हा उघडून पाहावा, अडचण खरोखर मिटली असल्यास निर्मात्याला तसे कळवावे आणि आपले जुने परीक्षण त्याच दिवशी बदलावे. स्टीमवर ते केव्हाही बदलता येते.