लहान सागरी टाकीत ड्वार्फ एंजलफिश कसा पाळावा

ड्वार्फ एंजलफिश हा छोटा सागरी मासा दिवसभर खडकावरचे शेवाळ आणि बारीक जीव खुडत फिरतो. त्यामुळे त्याच्यासाठीची तयारी मासा आणण्याच्या कित्येक महिने आधी, खडकापासून करावी लागते.

आधी जात ठरवावी. कोरल ब्यूटी सुमारे 10 सेंटिमीटर वाढतो आणि त्याला चार फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच, म्हणजे अंदाजे 250 लिटरची टाकी योग्य. टाकी तीन फुटी असेल, तर कॅरिबियन समुद्रातला, 8 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा चेरब निवडावा. मात्र तो लहान असला तरी चांगलाच भांडखोर असतो. लेमनपील आणि बायकलर दुकानात मोह पाडतात, पण नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. कोणतीही जात घेतली तरी एका टाकीत एकच ड्वार्फ एंजल ठेवावा.

आरओ (गाळणीने क्षार काढलेल्या) पाण्यात सागरी मीठ मिसळून विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) 1.025 आणि तापमान 25 ते 26 अंश सेल्सिअस राखावे. मुंबई-कोकणात एप्रिल-मेमध्ये हे तापमान चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) टिकवणे अवघड जाते. पृष्ठभागावर पंखा सोडला तर पाणी थोडे निवते, पण बाष्पीभवन वाढते. मीठ मागेच राहत असल्याने घटलेली पातळी मिठाच्या नव्हे, साध्या आरओ पाण्याने भरावी. अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषारी द्रव्ये शून्यावर आल्यावरही घाई करू नये. खडकावर शेवाळाचा थर धरायला आणखी चार-पाच महिने लागतात, आणि एंजल टिकणार की नाही हे बहुधा त्या थरावरच ठरते.

भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे, म्हणून समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा प्रवाळखडक घेऊ नयेत; कृत्रिम खडक वापरावा. मऊ प्रवाळांपैकी लेदर आणि मशरूम यांना हा मासा सहसा त्रास देत नाही, झोअँथिड (प्रवाळासारखे, झुपक्यांत वाढणारे जीव) मात्र तो कुरतडू शकतो.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला मासा आपल्यासमोर खाऊ घालायला सांगावे. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडच्या समुद्रात काही मासे सायनाइड वापरून पकडले जातात. असा मासा वरून तजेलदार दिसला तरी पुढे दगावू शकतो. एंजलच्या गालावरचा काटा जाळीत अडकतो, म्हणून त्याला भांड्यात घेऊनच हलवावे.

घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. अंगावर पांढरे ठिपके (परजीवीमुळे होणारा रोग) दिसले तर उपचार तिथेच करावेत, कारण तांब्याचे औषध मुख्य टाकीतल्या अपृष्ठवंशीय जीवांना मारते. शिवाय एंजललाही ते फारसे सोसवत नाही, त्यामुळे मात्रा चाचणी किटने मोजूनच द्यावी. मुख्य टाकीत त्याला सर्वांत शेवटी, दिवे मालवून सोडावे, म्हणजे आधीच्या माशांवर तो दादागिरी करत नाही.

आहार दिवसातून दोन-तीनदा, थोडा थोडा द्यावा: स्पिरुलिना (सूक्ष्म शेवाळ), नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ), मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) आणि जमल्यास स्पंज असलेले एंजलचे गोठवलेले खाद्य. पोट भरलेला एंजल प्रवाळाकडे कमी वळतो, पण वळणारच नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. एखादा प्रवाळ सतत मिटलेला दिसू लागला, तर तो दुसऱ्या टाकीत हलवावा. ते शक्य नसेल, तर खडक न विस्कटता पारदर्शक पिंजऱ्यात खाद्य ठेवून मासा पकडावा आणि प्रवाळ नसलेल्या टाकीत सोडावा.