फोनचा बॅकअप ‘चालू’ असूनही फोटो का जातात?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी लेआउटसारख्या वस्त्यांमध्ये तळमजल्यांवर पाणी शिरले. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या तीन घरांत भिजलेले फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेले मी पाहिले. (तांदळाने फोन वाळत नाही, उलट त्याचे बारीक कण चार्जिंगच्या खाचेत अडकतात.) तिन्ही घरांतले उत्तर सारखेच होते, ‘बॅकअप चालू होता जी.’ नवा फोन हाती आल्यावर एकाला सगळे परत मिळाले, दुसऱ्याला फोटो मिळाले पण व्हॉट्सअॅप कोरे, आणि तिसऱ्याला फक्त संपर्क क्रमांक. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. ‘बॅकअप’ या एका शब्दाखाली फोनमध्ये चार वेगवेगळी कामे चालतात, त्यांची बटणे निरनिराळी असतात, आणि एक चालू असले म्हणजे बाकीची चालूच असतील असे नसते. म्हणून बिघाड शोधताना प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत: काय जाते, कोणत्या खात्यात जाते आणि शेवटचे कधी गेले.

पहिले काम खुद्द फोनचा बॅकअप. अँड्रॉइडवर यात अॅपची यादी, अॅपमधली काही माहिती, कॉलची नोंद, एसएमएस आणि सेटिंग्ज येतात. आयफोन-आयपॅडवर आयक्लाउड बॅकअप जवळजवळ तेच काम करतो. दुसरे काम फोटो आणि व्हिडिओंचे, तिसरे व्हॉट्सअॅपचे, आणि चौथे संपर्क, कॅलेंडर, नोंदी यांचे. यांतले चौथे काम, आणि बऱ्याच प्रमाणात फोटोंचेही, खरे पाहता बॅकअप नसून सिंक असते, आणि बहुतेक घोटाळे या फरकातूनच होतात.

बॅकअप म्हणजे कागदाची झेरॉक्स काढून कपाटात ठेवणे: मूळ कागद फाटला तरी झेरॉक्स तशीच राहते. सिंक म्हणजे दोन खिडक्यांतून दिसणारा एकच फळा. एका खिडकीतून हात घालून पुसले की दुसऱ्या खिडकीतूनही पुसलेलेच दिसते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ‘डिलीट’ केला तर तो क्लाउडमधूनही, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यातूनही, जातो, मात्र ‘फ्री अप स्पेस’ दाबल्यास फक्त फोनमधली प्रत निघते आणि क्लाउडमधली राहते. आयक्लाउड फोटोजमध्ये असा पर्याय नाही. तिथे पुसणे म्हणजे त्या खात्याच्या सर्व उपकरणांवरून पुसणे. एकाच अॅपल खात्यावर वडिलांचा फोन आणि मुलाचा शाळेचा टॅबलेट असेल, आणि मुलाने खेळासाठी जागा करायची म्हणून गॅलरी रिकामी केली, तर वडिलांची गॅलरीही रिकामी होते. अशा वेळी घाबरून जाण्याआधी कचरापेटी उघडावी. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्येही साधारण ३० दिवस राहतात.

खाते कोणाचे?

माझ्या अनुभवात सर्वाधिक बॅकअप इथेच हरवतात, म्हणून यावर थोडे विस्ताराने लिहितो. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीने सात वर्षांत तीन फोन घेतले. दरवेळी दुकानातल्या मुलाने ‘जुना पासवर्ड आठवते का?’ असे विचारले, मावशीने मान हलवली आणि त्याने दोन मिनिटांत नवीन जीमेल खाते उघडून दिले. परिणामी पहिल्या फोनचे फोटो एका खात्यात, दुसऱ्याचे दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खात्यांचे पासवर्ड कोणालाच ठाऊक नाहीत. त्यांतल्या एका खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तर बंद पडलेल्या सिमचा निघाला. बॅकअप झाला होता, तो जागेवरही होता, पण दाराची किल्ली नव्हती. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे, त्यामुळे असे विसरलेले खाते कायमचे टिकून राहील असे धरून चालू नये.

तेव्हा सर्वप्रथम सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ उघडून वर दिसणारा ईमेल पत्ता वहीत लिहून घ्यावा. मग तिथेच ‘बॅकअप’मध्ये जाऊन तोच पत्ता आहे का, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख कोणती, हे पाहावे. त्यानंतर गूगल फोटोज उघडून उजव्या कोपऱ्यातल्या वर्तुळावर बोट ठेवावे. फोटोंचे खाते इथे वेगळे असू शकते, आणि पुष्कळदा असतेच. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वात वर आपले नाव असते, त्यावर दाबून ‘आयक्लाउड’ आणि पुढे ‘आयक्लाउड बॅकअप’ उघडले की शेवटची तारीख दिसते. खात्याला जोडलेला फोन क्रमांक सध्या वापरात असलेलाच आहे ना, हेही त्याच बैठकीत तपासावे. दुकानात नवीन फोन सुरू करून घेताना जुना पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला कागद सोबत न्यावा, आणि मुलगा कितीही घाईत असला तरी नवीन खाते उघडू देऊ नये.

जागा संपली की काय होते

गूगल खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. १ जून २०२१ पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो या हिशेबात धरले जात नसत. त्या तारखेपासून सगळेच धरले जातात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही २०२४ पासून यातच मोजला जाऊ लागला. ‘आधी चालत होते, आता का चालत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुधा या दोन बदलांत असते. अॅपलची मोफत जागा तर अवघी ५ जीबी आहे. ४के दर्जाच्या, सेकंदाला ३० फ्रेम्सच्या एका मिनिटाच्या व्हिडिओला आयफोनवर साधारण १७० एमबी लागतात. म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीचे अर्ध्या तासाचे चित्रण केले की ५ जीबी संपले, मग बाकीच्या फोनसाठी जागा उरणार कुठून?

जागा भरली की बॅकअप गाजावाजा न करता थांबतो. एखादी सूचना येते, ती आपण बाजूला सारतो, आणि सहा महिन्यांनी फोन पडतो. गूगलच्या बाबतीत खाते पूर्ण भरल्यावर ईमेल येणे-जाणेही बंद होते, त्यामुळे बँकेचे पत्र आले नाही अशी तक्रार असली तरी आधी जागा तपासावी. गूगल वनच्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या फायली आकारानुसार दिसतात. तिथून नको ते काढावे आणि कचरापेटीही रिकामी करावी, कारण ती रिकामी होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. फोटो ‘स्टोरेज सेव्हर’ दर्जाने ठेवल्यास १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढे लहान होतात आणि मोठे व्हिडिओ १०८० रेषांवर येतात. घरगुती फोटोंना यात काही उणे पडते असे मला वाटत नाही. आयफोनवर आयक्लाउडच्या जागेच्या पानात ‘बॅकअप्स’ उघडून पाहावे: विकून टाकलेल्या जुन्या फोनचा बॅकअप तिथे जागा अडवून बसलेला पुष्कळदा सापडतो.

जागा आहे, तरी बॅकअप पुढे सरकत नाही

स्वयंचलित बॅकअपला साधारणपणे तीन गोष्टी लागतात: फोन चार्जिंगला असावा, वायफाय असावे आणि फोन कोणी वापरत नसावा. आयफोनच्या बाबतीत स्क्रीन बंद असणेही आवश्यक असते. जो माणूस रात्री मोबाइल डेटावर व्हिडिओ पाहत झोपतो आणि सकाळी कार्यालयात जाऊन फोन चार्ज करतो, त्याच्या फोनला या तिन्ही गोष्टी एकत्र कधी मिळतच नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात यात उन्हाची भर पडते. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तर अॅपल आपली उपकरणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. फोन तापला की चार्जिंग आपोआप थांबते आणि मागे चालणारी कामे रेंगाळतात. उन्हाळ्यात मोठा बॅकअप रात्री, फोनचे जाड कव्हर काढून आणि कूलरच्या थेट ओल्या झोतापासून बाजूला ठेवून घ्यावा.

वेळेचाही अंदाज हवा. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि फायलींचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) असेल तर २० जीबी वर चढायला सुमारे नऊ तास लागतात. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल डेटावर तोच मजकूर चढवायचा तर निदान दहा दिवस, तेही फोन दुसऱ्या कशालाच न वापरता. त्यामुळे पहिला बॅकअप ‘अडकला’ असे म्हणण्यापूर्वी दोन-तीन रात्री द्याव्यात. त्यानंतरही आकडा हलत नसेल तर बॅटरी सेव्हर बंद करावा, आणि गूगल फोटोजला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करावे. अनेक कंपन्यांचे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अॅप बंद पाडतात, आणि त्यात बॅकअपही बळी पडतो.

फोटोंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: गूगल फोटोज मुळात फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर उचलते. व्हॉट्सअॅपवर आलेले लग्नाचे फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर वेगळे चालू करावे लागतात.

व्हॉट्सअॅपचे वेगळे दुकान

व्हॉट्सअॅप फोनच्या बॅकअपवर अवलंबून राहत नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’ आणि ‘चॅट बॅकअप’ उघडल्यावर शेवटची तारीख, आकार आणि अँड्रॉइडवर गूगल खाते दिसते. फक्त ‘लोकल’ची तारीख ताजी असेल आणि गूगलसमोर काही नसेल, तर बॅकअप त्याच फोनमध्ये पडून आहे, फोन पाण्यात गेला की तोही गेला. परत मिळवताना तोच मोबाइल क्रमांक आणि तेच गूगल खाते लागते. नव्या फोनवर व्हॉट्सअॅप सुरू करताना एकदाच ‘रिस्टोर’ विचारले जाते, आणि घाईत ‘स्किप’ दाबले गेल्यास अॅप काढून लगेच पुन्हा टाकावे. इथे उशीर महागात पडतो, कारण नव्या रिकाम्या फोनचा बॅकअप झाला की तो जुन्याच्या जागी बसतो. बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावण्याची सोय २०२१ मध्ये आली. ती लावली असेल आणि विसरली असेल तर व्हॉट्सअॅपही तो उघडून देऊ शकत नाही. अँड्रॉइडवरचा गूगलमधला बॅकअप आयफोनवर उतरत नाही, त्यासाठी दोन्ही फोन हाताशी असताना करायची वेगळी प्रक्रिया आहे.

परत मिळवताना

अँड्रॉइडचा बॅकअप जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकने बंद केलेला असतो, त्यामुळे नवा फोन जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न मागतो. ज्यांच्या वडिलांचा फोन हरवला आहे त्यांना हा आकडा बहुधा माहीत नसतो, तेव्हा तो आजच विचारून ठेवावा. नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही, ही अडचण वापरलेला फोन विकत घेतल्यावर येते. आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करावे. अँड्रॉइड उपकरण ५७ दिवस वापरले नाही तर त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो, आणि आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर तो १८० दिवस ठेवला जातो. परीक्षा संपल्यावर कपाटात गेलेला टॅबलेट म्हणूनच दोन महिन्यांतून एकदा तरी चार्ज करून वायफायला जोडावा. यूपीआय आणि बँकेची अॅप मात्र बॅकअपमधून जशीच्या तशी येत नाहीत. ती सिम घालून पुन्हा नोंदवावी लागतात.

आपला बॅकअप खरा आहे का, हे तपासायला दहा मिनिटे पुरतात. फोनमध्ये पाहू नये, कारण फोनवरच्या अॅपमध्ये फोनमधल्याच प्रतीही दिसतात. संगणकावर किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल फोटोज किंवा आयक्लाउड उघडावे, पासवर्ड स्वतः टाइप करावा, आणि काल काढलेला एक फोटो, मागच्या पोळ्याचा एक आणि पाच वर्षांपूर्वीचा एक असे तीन फोटो शोधावेत. मावशीकडे आम्ही हे केले तेव्हा कालचा सापडला, पोळ्याचा सापडला, पाच वर्षांपूर्वीचा नाही. तो त्या पहिल्या खात्यात आहे, आणि बंद पडलेले सिम त्याच क्रमांकाने परत मिळते का, हे विचारायला आम्ही सोमवारी नागपूरच्या सदर भागात जाणार आहोत.